तंत्रज्ञान भाड्याचे, जोखीम घरची

व्यवसायाला लागणारी संगणकीय यंत्रणा स्वतःच्या मालकीची असावी की ती दुसऱ्याकडून सेवा म्हणून घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ जमाखर्चाचा वाटतो. परंतु गेल्या काही वर्षांत बँका, तेलकंपन्या आणि विमानसेवा यांच्या वाट्याला जे अनुभव आले ते पाहता हा प्रश्न संस्थेच्या स्वायत्ततेशी आणि ग्राहकाच्या विश्वासाशी किती घट्ट बांधलेला आहे, हे ध्यानात येते. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याला आणखी एक पदर आहे. मुंबई-पुण्यातील कंपन्या जगभरच्या उद्योगांची संगणकीय कामे अंगावर घेतात आणि त्यावर लाखो कुटुंबांची उपजीविका चालते; त्याच राज्यातील शेकडो नागरी सहकारी बँका, पतसंस्था आणि लघुउद्योग मात्र आपले स्वतःचे संगणकीय काम बाहेर सोपवून मोकळे झालेले आहेत. एका अर्थाने विकणारा आणि विकत घेणारा असे दोघेही एकाच अंगणात नांदतात, आणि म्हणूनच या व्यवहारातील नफा-तोटा येथे जवळून पाहता येतो.

आउटसोर्सिंग म्हणजे संस्थेच्या कामकाजाचा जो भाग पूर्वी आपल्याच कर्मचाऱ्यांकरवी आणि आपल्याच साधनांनी केला जात असे, तो कराराने बाहेरच्या सेवादाराकडे देणे. संगणकाच्या क्षेत्रात त्याची व्याप्ती मोठी आहे. कोणी केवळ देखभाल बाहेर देतो, कोणी सॉफ्टवेअर भाड्याने घेतो, तर कोणी सर्व्हर, साठवण आणि सुरक्षा यांसह सगळा पसाराच दुसऱ्याच्या इमारतीत हलवतो. यांतल्या प्रत्येक पायरीवर खर्चाचे आणि दगदगीचे ओझे थोडे हलके होते आणि त्याबरोबर आपल्याच कामाची समजही थोडी हातून निसटते. या निसटण्याची किंमत करारपत्रात कोठेही लिहिलेली नसते.

भाड्याची परंपरा

संगणक आधी मालकीचा होता आणि पुढे तो भाड्याचा झाला, अशी अनेकांची समजूत असली तरी भारतातील इतिहास जवळजवळ उलट आहे. १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा त्या काळातील अवाढव्य संगणक बसवला गेला, तेव्हा तो केवळ त्या संस्थेपुरता न राहता देशातील इतर संस्थांनाही गणनाची सोय पुरवणारे राष्ट्रीय केंद्र ठरला. खासगी आणि सरकारी उद्योगांना आयबीएम ही अमेरिकी कंपनी आपली यंत्रे प्रामुख्याने भाड्याने देत असे आणि त्यांची देखभाल तिचेच अभियंते करत. १९६८ मध्ये टाटा सन्सचा एक विभाग म्हणून टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस अर्थात टीसीएस सुरू झाली, तिच्या आरंभीच्या कामांत जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यासाठी पंचकार्डांवरील माहितीची प्रक्रिया आणि सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या आंतरशाखा ताळमेळाचे काम होते. एका शाखेने दुसऱ्या शाखेच्या नावे टाकलेली प्रत्येक रक्कम त्या दुसऱ्या शाखेच्या वहीत प्रतिनोंदीच्या रूपाने उतरली आहे की नाही, हे तपासणे म्हणजे आंतरशाखा ताळमेळ. हातांनी हे काम महिनोन्‌महिने रखडत असे. बँकेने आपली वही बाहेरच्या संगणकाकडे सोपवण्याची प्रथा मुंबईत अशी अर्धशतकाहून जुनी आहे.

या परंपरेतला पहिला मोठा धडा १९७८ मध्ये मिळाला. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांना भारतीय शाखेतील आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणणे भाग होते. आयबीएमने ते मान्य न करता देश सोडला. यंत्रे मागे राहिली, पण ती जाणणारी कंपनी गेली, आणि ती चालती ठेवण्याची जबाबदारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे पुढे सीएमसी या नावाने ओळखल्या गेलेल्या सरकारी कंपनीने उचलली. यंत्रावर मालकी कोणाचीही असो, ते दुरुस्त करण्याचे ज्ञान ज्याच्यापाशी असते त्याच्याच हाती खरी सूत्रे राहतात, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

परदेशात या व्यवसायाला आकार देण्याचे श्रेय रॉस पेरो यांना दिले जाते, ज्यांनी १९६२ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे इलेक्ट्रॉनिक डेटा सिस्टिम्स ही कंपनी स्थापन करून इतर कंपन्यांची माहितीप्रक्रिया कराराने चालवण्यास सुरुवात केली. तरीही मोठ्या कंपन्या आपला संगणक विभाग हा आपल्या मेंदूचाच भाग समजत होत्या. १९८९ मध्ये कोडॅकने आपली संगणककेंद्रे आयबीएमकडे चालवायला दिली तेव्हा उद्योगजगताला धक्का बसला तो त्यामुळेच. भारतात अशी खळबळ २००४ मध्ये भारती एअरटेलने उडवली. तिने संगणकीय व्यवस्था आयबीएमकडे दहा वर्षांच्या कराराने सोपवली आणि दूरध्वनीचे जाळे उभारून चालवण्याचे काम एरिक्सन आणि नोकियासारख्या उपकरण उत्पादकांकडेच दिले. आयबीएमला द्यायचा मोबदला एअरटेलच्या महसुलाशी जोडलेला होता, त्यामुळे ग्राहक वाढले तर सेवादाराचे उत्पन्नही वाढेल अशी सोय झाली. दूरसंचार कंपनीने स्वतःचे जाळेच दुसऱ्याच्या हाती द्यावे, ही कल्पना तेव्हा अनेकांना आत्मघातकी वाटली. परंतु झपाट्याने वाढणाऱ्या बाजारात भांडवल अडकवून न ठेवता पसरण्याची मुभा एअरटेलला त्यातूनच मिळाली.

या बदलामागचा युक्तिवाद निकोलस कार यांनी २००३ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू या नियतकालिकातील एका गाजलेल्या लेखात मांडला होता. पूर्वीचे कारखाने स्वतःची वीज स्वतः तयार करत, पुढे सार्वजनिक वीजजाळे विश्वसनीय झाल्यावर त्यांनी जनित्रे मोडीत काढली, आणि संगणकाचेही तसेच होईल, कारण जे साधन सर्वांपाशी सारखेच असते त्यातून कोणालाही स्पर्धेत आघाडी मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. २००६ मध्ये ॲमेझॉनने साठवण आणि संगणनक्षमता वापरानुसार आकार लावून विकायला सुरुवात केली, तेव्हा हे भाकीत खरे ठरू लागले. क्लाउड या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था प्रत्यक्षात कोठेतरी जमिनीवर उभी असलेली इमारतच असते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये अशी केंद्रे महाराष्ट्रात सुरू केली. समुद्राखालून येणाऱ्या दळणवळणाच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि शेअर बाजार व बँकांची मुख्यालये जवळ आहेत, म्हणून ऐरोली, महापे, रबाळे या एके काळी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यात आज डेटा सेंटरची रांग उभी आहे.

डे-एंडपासून डेटा सेंटरपर्यंत

तंत्रज्ञान बाहेर देण्याची गरज आणि तिच्यातील पेच, दोन्ही सर्वांत ठळकपणे दिसतात ते नागरी सहकारी बँकांत. देशात अशा सुमारे दीड हजार बँका असून त्यांतील जवळजवळ एक तृतीयांश महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या संगणकीकरणाची पहिली फेरी शाखेपुरती होती. प्रत्येक शाखेत एक सर्व्हर, त्यावर स्थानिक विक्रेत्याने लिहिलेले पॅकेज आणि रात्री दिवसभराच्या नोंदी बंद करण्याची, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या भाषेत ‘डे-एंड’ करण्याची प्रक्रिया. डे-एंड अडकला की शाखाधिकारी विक्रेत्याला फोन लावून बसत आणि किर्दीतला फरक सापडेपर्यंत कोणी घरी जात नसे. यंत्र बँकेचे होते, कुलूप बँकेचे होते. तरीही पॅकेज लिहिणारा माणूस दुसऱ्या गावी गेला की बँक अडून राही.

त्यानंतर कोअर बँकिंग आले. या पद्धतीत सर्व शाखांची खाती एकाच मध्यवर्ती ठिकाणी असतात, शाखा केवळ तेथे जोडलेल्या खिडक्या होतात आणि ग्राहक एका शाखेचा न राहता बँकेचा होतो. मात्र ही व्यवस्था स्वतःच्या बळावर उभारायची तर मुख्य डेटा सेंटर, त्यापासून दूर वेगळ्या भूकंपीय क्षेत्रात आपत्कालीन पर्यायी केंद्र, दुहेरी वीजपुरवठा, जनित्रे, वातानुकूलन, डेटाबेसचे परवाने, अहोरात्र पहारा देणारे सुरक्षातज्ज्ञ आणि या सर्वांचे लेखापरीक्षण एवढा पसारा लागतो. तालुक्याच्या गावी मुख्यालय आणि पाच-सात शाखा असलेल्या बँकेत संगणक विभाग म्हणजे बहुधा एक-दोन माणसे असतात. त्यांच्याच गळ्यात पासबुक प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढणे, नव्या लिपिकाला लॉगइन देणे आणि रिझर्व्ह बँकेची विवरणपत्रे भरणे ही कामे असतात. अशा बँकेने जागतिक दर्जाची यंत्रणा स्वतः सांभाळावी ही अपेक्षा अव्यवहार्यच होती.

म्हणून भाड्याचा मार्ग निघाला. स्टेट बँक ऑफ इंडिया आणि टीसीएस यांच्या संयुक्त मालकीच्या सी-एज टेक्नॉलॉजीजसारख्या कंपन्यांनी एकच मोठी यंत्रणा उभारून तिच्यावर अनेक लहान बँकांची खाती वेगवेगळ्या कप्प्यांत चालवण्याची सेवा देऊ केली. सेवादाराच्या मालकीची प्रणाली अनेकांनी भाड्याने वापरण्याच्या या पद्धतीला ॲप्लिकेशन सर्व्हिस प्रोव्हायडर प्रारूप म्हणतात. रिझर्व्ह बँकेनेही २०१६ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी योजना आणून, आयएफटीएएस या आपल्याच पुढाकाराने स्थापन झालेल्या संस्थेमार्फत कोअर बँकिंग घेणाऱ्या बँकेचा ४ लाख रुपयांचा प्रारंभिक खर्च उचलण्याची तयारी दाखवली. दरमहाचे भाडे मात्र बँकेने द्यायचे होते. लहान बँकांनी मागे पडू नये यासाठी नियामकानेच भाड्याच्या वाटेला प्रोत्साहन दिले, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

या वाटेवर ग्राहकाचा एक साधा व्यवहार किती हातांतून जातो, हे पाहण्यासारखे आहे. सहकारी बँकेच्या खातेदाराने भाजीवाल्याच्या क्यूआर कोडवर ४० रुपये पाठवले की मोबाइलमधील ॲपकडून निघालेला निरोप राष्ट्रीय देयक महामंडळाकडे, म्हणजे एनपीसीआयकडे, जातो. तेथून तो खातेदाराच्या बँकेच्या स्विचकडे येतो. स्विच म्हणजे बाहेरून आलेली मागणी योग्य खात्यापर्यंत नेऊन होकार किंवा नकार परत पाठवणारी यंत्रणा. हा स्विच बहुतेक लहान बँकांच्या स्वतःच्या मालकीचा नसतो आणि कित्येकदा त्या एनपीसीआयशी थेट न जोडता एखाद्या मोठ्या प्रायोजक बँकेमार्फत जोडलेल्या असतात. मागणी कोअर बँकिंगपर्यंत पोहोचते, शिल्लक तपासली जाते, रक्कम वजा होते आणि उत्तर त्याच मार्गाने परतते. काही सेकंदांच्या या प्रवासात बँकेचा स्वतःचा एकही कर्मचारी किंवा एकही यंत्र वाटेत आलेले नसते. भाजीवाल्यासमोर खोळंबलेला ग्राहक मात्र दोष देतो तो आपल्या बँकेलाच.

दोन घटना

मालकी सुरक्षित की भाडे सुरक्षित, या वादात दोन्ही बाजूंना पुरावा देणाऱ्या दोन घटना सहा वर्षांच्या अंतराने घडल्या.

११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम स्विचवर घाला पडला. १९०६ मध्ये स्थापन झालेली ही बँक देशातील मोठ्या आणि जुन्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. हल्लेखोरांनी घुसखोर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने खऱ्या स्विचला समांतर असा तोतया स्विच उभा केला, त्यामुळे एटीएमवरून येणारी पैशांची मागणी कोअर बँकिंगपर्यंत पोहोचण्याऐवजी वाटेतच अडवली जाऊन तिला परस्पर होकार मिळत गेला. बनावट कार्डांच्या साहाय्याने काही तासांत २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतात कोल्हापूरसह काही शहरांतून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय बँकांमधील संदेशवहनाच्या स्विफ्ट या प्रणालीतून आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवण्यात आले. एकूण ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. मागणी खात्यांपर्यंत पोहोचलीच नसल्याने खातेदारांच्या शिल्लकीला धक्का लागला नाही आणि झळ बँकेला सोसावी लागली. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले. बँक मोठी असून आणि यंत्रणेवर तिची स्वतःची देखरेख असूनही हा प्रकार टळला नाही.

दुसरी घटना ३१ जुलै २०२४ ची. सी-एज टेक्नॉलॉजीजच्या काही यंत्रणांवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून तिच्या सुटकेसाठी खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाल्याची शक्यता दिसताच एनपीसीआयने त्या कंपनीचा आपल्या देयक प्रणालींशी असलेला संबंध तात्पुरता तोडला. संसर्ग इतरांपर्यंत पसरू नये यासाठी हे पाऊल आवश्यक होते. पण त्यामुळे तिच्या सेवेवर अवलंबून असलेल्या देशभरातील सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक यूपीआय आणि एनपीसीआयच्या इतर देयक सेवांपासून तुटले. सुरक्षा तपासणीनंतर १ ऑगस्टला जोडणी पूर्ववत झाली. क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने नंतर केलेल्या विश्लेषणानुसार हल्ल्याची सुरुवात सी-एजकडे न होता तिच्याशी काम करणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीच्या चुकीच्या पद्धतीने मांडलेल्या सर्व्हरपासून झाली होती. बँकेने सेवादार निवडला, सेवादाराने आपला सहयोगी निवडला, आणि या तिसऱ्या घराची कडी निघाली म्हणून पहिल्या घरातील ग्राहक अडला. करारावर सही करणाऱ्या संचालकांपैकी कितींना त्या तिसऱ्या कंपनीचे नाव ठाऊक असेल, हा प्रश्न येथे सहज उभा राहतो.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की मालकीवाद्यांचा आणि भाडेवाद्यांचा, दोघांचाही दावा अपुरा ठरतो. मालकी असली की जोखीम एका संस्थेपुरती राहते, मात्र तिला तोंड देण्याची तयारीही त्या एका संस्थेनेच करावी लागते. भाड्याच्या व्यवस्थेत पहारा सहसा अधिक कुशल असतो, मात्र तो चुकला तर शेकडो संस्था एकाच दिवशी अंधारात जातात; यालाच जोखमीचे केंद्रीकरण म्हणतात. त्याच महिन्यात, १९ जुलै २०२४ रोजी, क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. आपल्या देखरेखीखालील संस्थांपैकी केवळ १० बँका आणि बिगरबँक वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली, असे रिझर्व्ह बँकेने तेव्हा जाहीर केले. ही संख्या लहान राहिली, कारण बहुतेक बँकांच्या महत्त्वाच्या प्रणाली क्लाउडवर नव्हत्या आणि फारच थोड्या बँका क्राउडस्ट्राइकचे साधन वापरत होत्या, असे तिचे निरीक्षण होते.

करारात न दिसणारा खर्च

भाड्याच्या बाजूने सर्वांत प्रभावी ठरणारा युक्तिवाद खर्चाचा असतो. स्वतःची यंत्रे घेतली तर मोठी रक्कम एकदम गुंतते, ती काही वर्षांत घसाऱ्यापोटी संपते आणि मग पुन्हा नवी खरेदी करावी लागते. हा भांडवली खर्च होय. सेवा घेतली तर दरमहा बिल येते आणि ते महसुली खर्चात टाकता येते. ज्याचे काम चढउताराचे आहे, उदाहरणार्थ निकालाच्या दिवशीच गर्दी होणारे संकेतस्थळ चालवणारी संस्था, तिला वापरापुरते पैसे देणे निश्चितच परवडते. परंतु ज्याचा वापर वर्षभर जवळजवळ सारखाच असतो त्याच्यासाठी हिशेब उलटू शकतो. ३७सिग्नल्स या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने २०२२ मध्ये क्लाउडवर सुमारे ३२ लाख डॉलर खर्च झाल्याचे जाहीर करून आपले काम स्वतःच्या सर्व्हरवर परत आणले आणि त्यातून मोठी बचत झाल्याचे सांगितले. तिच्यापाशी हे काम जाणणारी माणसे आधीपासून होती, म्हणूनच तिला परतण्याचा निर्णय घेता आला, ही गोष्ट मात्र तिचे उदाहरण देणारे बहुधा सांगत नाहीत.

करारातील आकडेही नीट वाचावे लागतात. सेवा ९९.९ टक्के वेळ चालू राहील, हे आश्वासन ऐकायला निर्दोष वाटते. वर्षाच्या ८,७६० तासांत त्याचा अर्थ पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा असा होतो, आणि ९९.५ टक्के म्हटले की ती मुभा जवळजवळ ४४ तासांची होते. हे तास मध्यरात्री गेले तर कोणाच्या लक्षातही येणार नाहीत, पण पगाराच्या दिवशी किंवा साखर कारखान्याकडून उसाचे बिल खात्यात जमा होण्याच्या दिवशी गेले तर बँकेच्या दारात रांग लागेल. करारातील सरासरीला हा फरक कळत नाही. नुकसानभरपाईचे कलमही बहुतेक करारांत सेवादाराला दिलेल्या शुल्काच्या मर्यादेत बांधलेले असते, त्यामुळे ठेवीदारांचा विश्वास उडाल्याने झालेले नुकसान कोणत्याच बिलात बसत नाही.

खरा पेच येतो तो सेवादार बदलताना. खातेदारांची नावे, तारण, व्याजाचे दर आणि थकबाकीचा इतिहास ही माहिती बँकेची असली तरी ती जुन्या सेवादाराच्या रचनेत साठवलेली असते आणि ती रचना बहुधा त्यालाच उलगडते. महाराष्ट्रातील बँकांत त्यात आणखी एक गुंता असतो. युनिकोडपूर्व काळात मराठी मजकूर विशिष्ट फाँटांवर अवलंबून असे. पडद्यावर ‘कुलकर्णी’ दिसत असले तरी आत इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भलतीच माळ साठवलेली असे, जी त्या फाँटाखेरीज निरर्थक ठरते. अशी नावे नव्या प्रणालीत नेताना रूपांतराचे कोष्टक तयार करावे लागते, जोडाक्षरे फुटतात आणि प्रत्येक खात्याचे नाव आधारवरील नावाशी पुन्हा जुळवावे लागते. त्यानंतर दोन्ही प्रणाली काही दिवस समांतर चालवून, दोहोंचा ताळेबंद पैशाचाही फरक न राहता जुळेपर्यंत थांबावे लागते. हा खर्च आणि हा त्रास टाळण्यासाठी अनेक संस्था नाराज असूनही जुन्याच सेवादाराकडे राहतात, आणि सेवादारालाही हे पक्के ठाऊक असते.

दूरवरून बंद झालेली सेवा

सेवादार सक्षम आहे, बिल वेळेवर भरले आहे आणि तांत्रिक बिघाडही नाही, तरी सेवा बंद पडू शकते, हे २०२५ मध्ये दिसून आले. मुंबईत मुख्यालय असलेल्या आणि गुजरातमधील वाडीनार येथे वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जीत रशियाच्या रोसनेफ्ट कंपनीचा ४९.१३ टक्के हिस्सा आहे. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. परवान्यांचे पूर्ण पैसे भरलेले असूनही स्वतःचीच माहिती आणि साधने हाती राहिली नाहीत, अशी तक्रार घेऊन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. दरम्यान ईमेलसाठी तिने मुंबईच्याच रेडिफची सेवा घेतली. महिनाअखेरीस मायक्रोसॉफ्टने सेवा पूर्ववत केल्या. हे निर्बंध भारताने घातलेले नव्हते आणि सेवा देणारी कंपनी अमेरिकी होती. तरी तिसऱ्या भूभागातील निर्णयाने भारतातील एका मोठ्या उद्योगाचा दैनंदिन पत्रव्यवहार खोळंबला. १९७८ मध्ये आयबीएम देश सोडून गेली तेव्हा निदान यंत्रे मागे राहिली होती. येथे मागे राहण्यासारखे काहीच नव्हते.

नियम काय म्हणतात

रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी माहिती तंत्रज्ञान सेवांच्या आउटसोर्सिंगविषयी सविस्तर निर्देश जारी केले, जे त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झाले. काम बाहेर दिल्याने संस्थेची ग्राहकांप्रती आणि नियामकाप्रती असलेली जबाबदारी कमी होत नाही आणि अंतिम उत्तरदायित्व संचालक मंडळाचेच राहते, हे त्यांचे सूत्र होते. सेवादाराच्या कामाची आणि त्याच्या उपकंत्राटदारांचीही तपासणी करण्याचा अधिकार, एकाच सेवादारावर अतिअवलंबून राहण्याच्या जोखमीचा आढावा, सेवादाराला घटना आढळल्यापासून सहा तासांत ती रिझर्व्ह बँकेला कळेल अशी व्यवस्था, आणि करार संपवून बाहेर पडण्याची लेखी योजना यांचा त्यांत समावेश होता. मात्र १,००० कोटी रुपयांपर्यंत ठेवी असलेल्या पहिल्या दोन श्रेणींतील नागरी सहकारी बँका या निर्देशांच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या. लहान बँकांवर अनुपालनाचा बोजा नको, हा विचार समजण्यासारखा असला, तरी सेवादारावर सर्वाधिक विसंबून असणाऱ्या आणि त्याला जाब विचारण्याची ताकद सर्वांत कमी असणाऱ्या याच बँका आहेत.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हेच तत्त्व बँकांच्या पलीकडे नेले. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे ठरवणारी संस्था आणि तिच्या वतीने प्रक्रिया करणारा सेवादार असा भेद करून, सेवादाराने केलेल्या प्रक्रियेचीही जबाबदारी या कायद्याने पहिल्या संस्थेवरच ठेवली, मग करारात काहीही लिहिलेले असो. सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. रुग्णालय, शाळा, पतसंस्था, गृहप्रकल्प उभारणारा विकासक, कोणीही असो, ‘सॉफ्टवेअर कंपनीकडून चूक झाली’ हे उत्तर यापुढे पुरेसे ठरणार नाही.

एकत्र येण्याची वाट

मालकी परवडत नाही आणि एकट्याने भाड्याने घेतले तर सेवादारासमोर आवाज उरत नाही, या कोंडीतून बाहेर पडण्याचा एक मार्ग महाराष्ट्राला नवा नाही, तो म्हणजे सहकार. नागरी सहकारी बँकांची शिखर संस्था म्हणून राष्ट्रीय नागरी सहकारी वित्त आणि विकास महामंडळाचे २ मार्च २०२४ रोजी उद्घाटन झाले. सभासद बँकांना भांडवली आधाराबरोबर सामायिक तंत्रज्ञान उपलब्ध करून देणे हा तिच्या उद्दिष्टांचा महत्त्वाचा भाग आहे. ग्रामीण पातळीवर याच दिशेने, २०२२ मध्ये केंद्र सरकारने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, जिच्यात राज्योराज्यीच्या विकास सोसायट्यांना एकच राष्ट्रीय सॉफ्टवेअर पुरवण्याचे काम नाबार्डकडे आहे. ज्या गटसचिवाने आजवर किर्द, खतावणी आणि तेरीज हाताने लिहिली त्याच्यासमोर आता पडदा आहे, आणि त्यामागची यंत्रणा त्याच्या गावापासून शेकडो मैल दूर आहे.

अशा सामायिक व्यवस्थेत सेवादाराशी वाटाघाट करण्याचे बळ वाढते आणि एका बँकेला न परवडणारे तज्ज्ञ शंभर बँका मिळून ठेवू शकतात. पण सी-एजच्या घटनेने दाखवलेली जोखमीच्या केंद्रीकरणाची अडचण सहकारी मालकीमुळे नाहीशी होत नाही; एकाच प्रणालीवर हजारो संस्था चालल्या की एका चुकीचा विस्तारही तेवढाच होतो. म्हणून शिखर संस्थेने केवळ स्वस्त दराची घाऊक खरेदी करून थांबणे पुरेसे नाही. माहिती सेवादाराच्या मदतीशिवाय वाचता येईल अशा स्वरूपात नियमितपणे बँकेच्या ताब्यात येते का, त्या प्रतीवरून खाती पुन्हा उभी करण्याची चाचणी वर्षातून एकदा तरी होते का, महत्त्वाच्या सॉफ्टवेअरचा मूळ संकेत तटस्थ त्रयस्थाकडे ठेवण्याची, म्हणजे एस्क्रोची, तरतूद करारात आहे का, आणि जोडणी तुटली तर शाखेतील खिडकीवर लिपिकाने नेमके काय करायचे याचे टिपण तयार आहे का, या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक संचालक मंडळापुढे यायला हवीत.

या प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी संस्थेत निदान एक-दोन माणसे अशी लागतात, जी सर्व्हर चालवत नसली तरी सेवादाराचा अहवाल वाचून त्यातील त्रुटी ओळखू शकतात. तंत्रज्ञान बाहेर देताना सर्वांत आधी कात्री लागते ती नेमकी याच माणसांच्या पगाराला, कारण यंत्रे गेली म्हणजे यंत्रे जाणणाऱ्यांचेही काम संपले, असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांचे काम तेथून बदलते आणि अवघड होते. त्यांचा पगार हा सेवाशुल्काचाच भाग धरून जो हिशेब मांडला जाईल तोच खरा, आणि त्या हिशेबानंतरही आउटसोर्सिंग स्वस्त पडत असेल तर ते निःशंकपणे करावे. जी संस्था हा पगार एकटीने देऊ शकत नाही, तिने तो चार संस्थांशी वाटून घ्यावा. पण तो वाचवू नये.